चा-चा-चा आणि कोलंबीची रांग

माझ्या नाचामुळे दीडशे माणसं वेळेवर जेवली. समाजकार्य म्हणून सांगायला बरं आहे, पण सुनंदा अजून माझ्याशी धड बोलत नाही.

सुनंदा माझी बायको, माहेर केळव्याचं. मी तारापूरच्या कारखान्यात बॉयलरवर. पंचवीस वर्षांपूर्वी स्वतःच्या वरातीत मी नाचलो नाही, एवढ्या एका गुन्ह्यावर तिची थोरली बहीण प्रमिलाताई आजवर टोमणे मारत होती. ‘‘भावजींचे पाय शिमिटाचे हायेत!’’ (हे तोंडावर. मागून काय म्हणत असतील, देव जाणे!) ताईंचं तोंड एकदा तरी बंद करायचं, म्हणून सुनंदानं जाहीर केलं, ‘‘लग्नाच्या पंचविशीला केळव्यात सगळ्यांसमोर जोडीनं चा-चा-चा नाचायचा!’’

तीन महिने सरावली गावातल्या आमच्या दोन खोल्यांत सराव चालला. पुढे, मागे, मग तीन झटपट छोटी पावलं. पण जुन्या गाण्याचे शब्द कानावर पडले की मी गायला लागतो, आणि गायला लागलो की पाय थांबतात! शेवटी मीच फर्मान काढलं, ‘‘शब्द नकोत. नुसती धून लाव.’’

‘‘अहो, गाणं असलं तर लोकांना कळेल तरी!’’

‘‘नाचणार मी की लोक?’’ (हे वाक्य मला रोज ऐकवलं जातं.)

तो दिवस उजाडला. सुपारीच्या वाडीत मांडव, मधोमध आम्ही दोघं, पहिल्या रांगेत मोबाइल सरसावून प्रमिलाताई. सॅक्सोफोन सुरू झाला.

आता आमच्याकडे मांडवात बिनशब्दांची धून कधी वाजते? जेवण लागलं की! आयुष्यभर लग्नं जेवलेल्या माणसाला हे आठवू नये?

केटररचा माणूस ओरडला, ‘‘म्यूझिक चालू हो गया, ढक्कन खोलो!’’ मांडवभर कोलंबीचा वास सुटला आणि पहिली रांग उठली. मागोमाग दुसरी.

‘‘अरे थांबा! आमी नाचतोय!’’ सुनंदा किंचाळली.

‘‘नाचा, नाचा! आमी हाय इथंच!’’ तिच्या मामांनी ताट घेता घेता आशीर्वाद दिला.

तेवढ्यात सासूबाई धावत आल्या. ‘‘जावय उपाशी आन् आमी जेवायचं? लोक काय म्हणतील!’’ त्यांनी माझ्या हातात ताट कोंबलं आणि मला रांगेत सर्वांत पुढे उभं केलं. मी विरोध करणार होतो, अगदी मनापासून! पण समोर कोलंबी होती.

मांडवात सुनंदा एकटीच नाचत होती. पाहायला उरल्या होत्या फक्त प्रमिलाताई. त्यांनी सगळं टिपलं: आधी एकटी सुनंदा, मग रांगेत पुढे, मागे आणि तीन झटपट पावलं टाकणारा मी.

‘‘चुकले गं मी, सुनंदा,’’ ताई म्हणाल्या. ‘‘भावजींचे पाय शिमिटाचे नायत. ताटाकडं बरे चालतात!’’

परवा रविवारी सुनंदानं घरी तीच धून लावली. माफी मिळाली म्हणून मला गहिवरून आलं. ती हात पुढे करून उभी राहिली.

मी तोवर हात धुऊन जेवायला बसलो होतो.