हिरवी काच

यशवंतच्या ज्योतीचा फोन आला तेव्हा मी एरंडोलला ओसरीत पेपर वाचत बसलो होतो. "नानाकाका, बाबा गेले," एवढंच ती म्हणाली. पुढे ती काय काय सांगत राहिली आणि माझ्या मनात दुःखाच्या आधी भलतंच आलं... आता खरं जाणणारं कुणी उरलं नाही. जिवलग मित्राच्या मरणाच्या बातमीनं हायसं वाटणारा माणूस मी आहे, हे त्या सकाळी कळलं. तेव्हापासून अन्न गोड लागत नाही.

यशवंत धुळ्याच्या एका थिएटरात ऑपरेटर होता. रिळं गेली, थिएटर बंद पडलं, प्रोजेक्टर भंगारात निघाले, आणि हा गडी भंगारवाल्यांकडून ते उचलून आणायला लागला. सोनगीरपासून पहूरपर्यंत कुठे शाळेतलं, कुठे तंबूतल्या सिनेमाचं जुनं यंत्र पडलंय, याची त्याला खबर असे. लोखंड परत भंगारात, भिंगं आणि काचा घरात. नवं भिंग हाती आलं की तो खिडकीसमोर धरायचा. बाहेरचा कडुनिंब समोरच्या भिंतीवर उलटा उमटला की भिंतीपासूनचं अंतर वितीनं मोजायचा आणि सांगायचा, हे घड्याळवाल्याला, हे शाळेला कपाशीवरची अळी बघायला, हे शेजारच्या अक्काला पोथी वाचायला. काचांची पारख वेगळी. पेटत्या दिव्याशी काच धरून तिच्यामागे तळहात न्यायचा. उजेड येतो पण धग लागत नाही आणि कडेनं बघितली तर काच हिरवट दिसते, म्हणजे ती फिल्म जळू नये म्हणून दिव्यापुढे बसवलेली काच. ज्योती लहानपणी तसाच हात धरून खिदळायची.

माझा कापसाचा व्यापार. नमुना बघायला नजर कमी पडू लागली, तेव्हा यशवंतनं एक दिवा करून दिला. प्रोजेक्टरचा बल्ब, त्यापुढे हिरवी काच, त्यापुढे जाडजूड भिंग. गोदामातल्या टेबलावरच्या कापसावर असा झोत पडे की तंतू न् तंतू मोजावा. पण मी पडलो व्यापारी. पांढरा किती, किडकी पिवळी कवडी किती, यावर माझा भाव ठरायचा.

"यशवंत, कापूस हिरवा दिखस रे," मी म्हणालो.

"दिखू दे. जयेल कापूसना कोनता रंग ऱ्हास, ते सांग माले!" जळालेल्या कापसाच्या रंगावर तो हसला. मग गंभीर होऊन म्हणाला, "नाना, ती काच काढू नको. कापूसनी आख्खी गंजी शे तुनामांगे."

मी काढली. ऐन हंगामात, रुमालात गुंडाळून खिशात टाकली. कापूस दुधासारखा पांढरा दिसला आणि मी खूश झालो. तेवढ्यात फाटकावर ट्रॅक्टर आला. नमुना दिव्याखाली तसाच, दिवा चालू, आणि मी बाहेर. त्याच दिवशी यशवंत सहज भेटायला आलेला, फाटकाबाहेरच्या ओट्यावर बिडी ओढत होता. धूर दिसला तेव्हा गोदामात सगळ्यात आधी तो धावला. त्याच्या हाताचे डाग शेवटपर्यंत गेले नाहीत.

गोदामात गावोगावच्या लोकांनी माझ्या भरवशावर ठेवलेला कापूस होता. त्यांच्यासमोर पंचनामा झाला. एक हमाल ओट्याकडे बोट दाखवून म्हणाला, "यशवंतभाऊ आठेच बिडी वढी राह्यंता." सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं. मी मान खाली घातली... लोकांनी तिचा हवा तो अर्थ घेतला. यशवंतनं राखेतून दिव्याचा सांगाडा उचलला, काचेच्या खाचेत बोट घातलं. खाच रिकामी, एक तुकडाही नाही. त्यानं माझ्या खिशाकडे पाहिलं आणि सांगाडा हळूच खाली ठेवला.

त्या दिवसापासून त्यानं बिडी सोडली. तर लोक म्हणाले, बघा, खरं होतं! सरकी काढणाऱ्या एकाही जिनवाल्यानं मग त्याला फाटकाच्या आत घेतलं नाही. कामगार उदबत्ती लावताना त्याच्या नावानं विनोद करायचे. तो मात्र दिवाळीला माझ्या घरी यायचा, फराळ करायचा आणि त्या विषयावर चकार शब्द काढायचा नाही. त्यानं शिव्या घातल्या असत्या तर मी सुटलो असतो.

दहाव्याला ज्योतीनं विचारलं, "काका, आग लागली तेव्हा तुम्ही तिथे होतात. खरंच बाबांची बिडी होती का?" नदीकाठी, यशवंतच्या पिंडासमोर मी म्हणालो, "जुनी गोष्ट, बेटा." दुसऱ्यांदा मान खाली घातली.

गेल्या आठवड्यात ती काच घेऊन धुळ्याला गेलो. यशवंतच्या खोलीत खिडकीत एक भिंग अजून तसंच उभं होतं, भिंतीवर कडुनिंब उलटा हलत होता. मी रुमाल सोडला आणि सगळं सांगितलं. ज्योतीनं टेबलावरचा दिवा लावला, काच धरली, मागे तळहात नेला.

"हीच," ती म्हणाली. बराच वेळ हात तसाच ठेवला. "बाबा असताना का नाही आणलीत?"

मी रिकाम्या रुमालाची घडी घालत राहिलो.

"मला सांगून काय उपयोग, काका? मी त्या बिडीवर कधीच विश्वास ठेवला नव्हता. ज्यांनी ठेवला त्यांना सांगा."

म्हणून हे लिहिलं. आग माझ्या हातून लागली. यशवंतच्या बिडीनं नाही.

त्या दिवशी निघताना तिनं मला थांबवलं नाही. दारातून वळून पाहिलं तर दिवा तसाच चालू होता, आणि काचेमागे तिचा हात...