सुभद्रा शिकायला गेली

धामापूरच्या सुभद्रा गावडेला वयाच्या सव्विसाव्या वर्षी पुन्हा शाळेत घातलं ते तिच्या सासूने. घातलं म्हणजे हाताला धरून नेऊन घातलं. चोपन्न सालचा जून महिना होता. पेर करून झाली होती, लावणीला अवकाश होता. तेवढ्यात यशोदा सुनेला घेऊन दोन मैलांवरच्या शेजारच्या गावी गेली, कारण सातवीपर्यंतची शाळा तिकडेच होती.

तिथले पाटकर मास्तर जेमतेम बाविशीचे. यशोदाने सोळा वर्षांपूर्वीचा चौथीचा दाखला त्यांच्यापुढे ठेवला.

"हिका सातवी करूची आसा."

मास्तरांनी दाखला वाचला आणि दाराकडे नजर टाकली. "मुलगी कुठे आहे?"

"ही काय हुबी आसा तुमच्या म्होरी!"

सुभद्राने पदर आणखी ओढून घेतला. मास्तर कानकोंडे झाले. "अहो आजी, इथे अकरा-बारा वर्षांची पोरं बसतात."

"मगे? ती काय हिका खातली?"

मास्तरांनी सुभद्राकडून थोडं वाचून घेतलं, दोन गणितं घातली. एक चुकलं, एक बरोबर आलं. पाचवीत बसवून वर्ष फुकट घालवण्यापेक्षा एकदम सहावीत बसा, मागचं मी करून घेतो, असं ते म्हणाले. साऱ्या वर्गाला अरे-तुरे करणारे मास्तर तिला शेवटपर्यंत अहो-जाहोच करीत राहिले. हजेरी घेताना 'सुभद्रा लवू गावडे' म्हटलं की ती खाली मान घालून 'हजर' म्हणायची आणि पुढच्या पोरी तोंडावर हात धरून खुसखुसायच्या.

लवू म्हणजे तिचा नवरा. तो मुंबईला गोदीत होता. आदल्या वर्षी दिवाळीच्या तोंडावर त्याला विषमज्वर झाल्याची तार आली. चार वर्षांची नमू सासूकडे ठेवून सुभद्रा मालवणहून आगबोटीने मुंबईला गेली. अकरा दिवस ती त्याच्या खाटेपाशी बसून होती. त्या वॉर्डात विमला नावाची नर्स होती, वेंगुर्ल्याकडची. आपल्याकडची भाषा कानावर पडली तशी सुभद्राला धीर आला. ती विमलाच्या हाताखाली पडेल ते करू लागली. कपाळावरची पट्टी बदल, तोंडात चमच्याने पाणी सोड, निजलेल्या माणसाला न उठवता त्याच्याखालची चादर कशी बदलायची ते शीक. शेजारच्या खाटेवरच्या म्हाताऱ्यालाही तिने दोनदा साफ केलं, कुणी न सांगता.

"तुजो हात बरो आसा," विमला म्हणाली. "किती शिकलंस?"

"चवथी."

"सातवी केलंस तर सरकार तुका नर्स करीत. माझ्यावांगडा एक बाय होती, तिका दोन झील होते."

दोन मुलग्यांची आईसुद्धा नर्स होते, या बोलण्याकडे तेव्हा सुभद्राचं लक्ष नव्हतं. बाराव्या दिवशी सकाळी लवू गेला.

घरी परतल्यावर यशोदा तिला रोज तेच विचारायची. तो काय बोलला, काय खाल्लं, पाणी कोणी पाजलं? एकुलता एक मुलगा आणि शेवटचं तोंडही बघायला मिळालं नाही. सुभद्रा सांगायची. सांगता सांगता एक दिवस विमलाचं बोलणंही सांगून गेली. म्हातारीने ते धरून ठेवलं. पावसाळा आला तेव्हा म्हणाली, "माझ्या झिलाक परक्या चेडवान पाणी पाजल्यान. तू जा, शिक. नमूक मी बघतंय."

सुभद्राला शिकायचं होतं का? होतं. हे तिने कोणाजवळ बोलून दाखवलं नव्हतं. चौथीनंतर शाळा सुटली तेव्हा ती आठ दिवस मनातल्या मनात पाढे म्हणत गुरं राखत होती. पण विधवा बाईने अशी हौस बोलून दाखवायची नसते, आणि सासू आपणहून म्हणते आहे तर नाही म्हणायचं नसतं, एवढ्या आडोशाने ती शाळेत गेली.

दोन वर्षं ती पहाटे उठून गोठा उरकायची, पेज शिजवायची आणि दोन मैल चालत जायची. शेजारी तुळसा नावाची बारा वर्षांची पोर बसे. अपूर्णांक तिने सुभद्राला शिकवले, आणि सुभद्राने तिला वेणी घालायला. नमू रोज आवाराच्या दगडी गडग्यापर्यंत रडत मागे यायची. मग एक दिवस ती गडग्यापर्यंत आली आणि रडली नाही. सुभद्राला त्या दिवशी शाळेत एक अक्षर समजलं नाही.

छप्पन साली ती सातवी पास झाली. मास्तरांनीच अर्ज लिहिला, मास्तरांनीच कोल्हापूरच्या सरकारी दवाखान्याचं पत्र वाचून दाखवलं. बाळंतपणं करणाऱ्या नर्सेसचं दोन वर्षांचं शिक्षण, राहणं तिथेच. मुलं आणायला परवानगी नाही.

निघायच्या दिवशी नमू तिच्या पिशवीवर बसून राहिली. "मी पण येतंय." यशोदाने तिला उचलून कडेवर घेतलं, सहा वर्षांच्या पोरीला, आणि सुनेला म्हणाली, "जा बघया. मागे बघू नको." सुभद्राने मागे बघितलं. म्हातारीने पोरीचं तोंड आपल्या खांद्यात दाबून धरलं होतं.

गाडी फोंड्याचा घाट चढून गेली तशी हवा बदलली, माती बदलली, माणसांचं बोलणं बदललं. कोल्हापूरला जेवणात भाकरी, आमटी आणि वर चिमूटभर भात. वसतिगृहातल्या बाकीच्या मुली अठरा-वीस वर्षांच्या. त्या तिला वहिनी म्हणत. एकीने पहिल्याच आठवड्यात विचारलं, "वहिनी, सारख्या गप्प का हो?" सुभद्राच्या तोंडून निघून गेलं, "माका गमना नाय." मुली हसल्या. त्यांना ते कळलं नाही. करमत नाही म्हणायचं असतं, हे तिला आठवलं, पण करमत नाही म्हटल्याने तिचं काहीच सांगून होत नव्हतं.

काम तिला पटकन येई. पुस्तक जड जाई. इंग्रजी नावं ती देवनागरीत लिहून भिंतीला चिकटवायची आणि केस विंचरताना पाठ करायची. बाळंतिणींच्या वॉर्डात लागली तेव्हा दिवसाला सात-आठ मुलं न्हाऊ घालायची. कोमट पाण्यात मूल धरलं की त्याची मान तिच्या मनगटावर अशी काही टेकायची की तिला हात सैल सोडावासा वाटत नसे. आई वाट बघत असायची. ती मूल पुसून आईजवळ देई आणि पुढचं घेई.

महिन्याला एक कार्ड यायचं, मास्तरांच्या अक्षरात. 'सर्व खुशाल आहे. नमू शाळेत जाते. गाय व्याली. तुमच्या सासूबाई आशीर्वाद सांगतात.' खाली कोपऱ्यात नमूने काढलेला 'न' असायचा, पुढे 'नमू', पुढे 'नमू गावडे'. पोर वाढते आहे हे सुभद्राला त्या कोपऱ्यावरून कळायचं.

फेब्रुवारीचं कार्ड आलं नाही. मार्चचं आलं, त्यातही सर्व खुशाल होतं. त्या वर्षीची परीक्षा देऊन मे महिन्यात ती दहा दिवसांच्या रजेवर घरी गेली. नमू घरापुढच्या खळ्यात काजूच्या बिया उन्हात पसरत होती. आईला बघून ती उठली, पण धावत आली नाही. केस आखूड कापलेले, हातपाय काटकुळे.

"केस कित्याक कापलंस गो?"

"माका गोवर इल्लो," नमू अभिमानाने म्हणाली. "मोठो! डोळे उघडत नव्हते. नऊ दिवस आये माका सोडून खंयसुद्धा गेली नाय."

आये म्हणजे यशोदा. पूर्वी नमू आजीला मोठी आये म्हणायची आणि सुभद्राला आये. मधल्या दिवसांत त्यातलं 'मोठी' केव्हातरी गळून पडलं होतं. एकच आये उरली होती. सुभद्राला मग ती कशानेच हाक मारीना. समोर येऊन उभी राहायची आणि बोलायला लागायची.

सुभद्रा तडक गोठ्यात गेली. यशोदा शेण भरत होती.

"माका कळवलास कित्याक नाय?"

म्हातारीने हातातलं काम थांबवलं नाही. "कळवलंय आसतंय तर तू इली आसतंस. आणि इली आसतंस तर परत गेली नसतंस."

त्या नऊ दिवसांत आपण काय करत होतो, हे सुभद्रा आठवून बघत होती. ती मुलांच्या वॉर्डात होती. तिथेही गोवराचीच साथ होती. कुणाकुणाच्या पोरांचे डोळे तिने कोमट पाण्याने पुसले होते. दोन दिवस ती सासूशी बोलली नाही. तिसऱ्या दिवशी दोघी मिळून फणस फोडायला बसल्या आणि बोलल्या. दहाव्या दिवशी ती परत गेली, कारण म्हातारीचं म्हणणं खरं होतं आणि ते तिला माहीत होतं.

अठ्ठावन साली ती पास झाली आणि फोंडाघाटला नेमणूक मिळाली. बाजाराच्या मागे एक खोली, पुढे पडवी, पडवीत तपासायचं टेबल. पहिलं काम तिने काय केलं तर नमूला आणलं. शाळेत नाव घातलं, नवा परकर शिवला. कोल्हापुरात दोन वर्षं हीच खोली तिने मनात सारवली होती. मायलेकी जेवताहेत, नमू पाढे म्हणते आहे, आपण तिचे केस विंचरतो आहोत.

नमूने त्रास काहीच दिला नाही. सांगितलेलं ऐकायची. फक्त जेवेनाशी झाली. आठ वर्षांची पोर ताटावर बसून भात चिवडायची. शाळा सुटली की पडवीच्या पायरीवर बसून कणकवलीकडे, घरच्या वाटेने जाणाऱ्या गाड्या बघायची. सुभद्राने टॉनिक दिलं, जंताचं औषध दिलं.

"काय होता गो तुका?"

"काय नाय." आणि मग, "माका हंय गमना नाय."

सुभद्राला हे औषधाचं दुखणं नाही हे कळायला दुसऱ्या कोणाची गरज नव्हती.

चतुर्थीला दोघी धामापूरला गेल्या. चौक्याच्या थांब्यावर उतरून चालत निघाल्या तर गावच्या तळ्याच्या वळणावरून नमू जी पळत सुटली ती थेट घरात. सुभद्रा पोचली तेव्हा पोर चुलीपाशी आजीला खेटून बसली होती आणि भाताचा डोंगर संपवत होती. गणपती पोचवून झाल्यावर सुभद्रा एकटीच निघाली. यशोदा म्हणाली, "घेवन जा तिका. रडात आठ दिवस, मगे रवात."

"नाय आये. माका ठावक आसा ता. ता रवणा नाय."

पुढची आठ वर्षं तशीच गेली. फोंड्याच्या आसपासच्या वाड्यांत नर्सबाईला ओळखत नाही असं घर राहिलं नाही. ओढ्याला कमरेएवढं पाणी असलं तरी ती जायची. दोन जुळी तिने एका हाताने जगवली, असं लोक वाढवून सांगत. पंधरवड्याच्या शनिवारी ती धामापूरला जाई, रविवारी दुपारी परते. नमूची उंची वाढली, ती आईशी बोलू लागली, हसू लागली. पण पाहुण्याशी बोलावं तसं, बसायला पाट देऊन.

सहासष्टच्या पावसाळ्यात यशोदाला अर्धांगवायू झाला. सुभद्राने महिन्याची रजा टाकली. सोळा वर्षांची नमू आणि ती, दोघी मिळून म्हातारीचं सगळं करीत. एका दुपारी नमू विहिरीवर गेली असताना सुभद्राने आपली पोर परत मिळण्याबद्दल इतकी वर्षं आत ठेवलेलं विचारून टाकलं.

"आये, माझा चेडू माका परत गावात काय गो?"

यशोदाचं तोंड वाकडं झालं होतं, शब्द तुटत होते. "मी खंय ठेवन घेतलंय? ता आपसून रवला." मग दम खाऊन म्हणाली, "माका एक सांग. तू थंय गेली नसतंस तर बरा झाला आसता?"

सुभद्राने तिच्या ओठांवरची लाळ पुसली. म्हातारीने डोळे मिटले. उत्तराची तिलाही घाई नव्हती.

त्यानंतर पाचव्या दिवशी सकाळी ती गेली. नमू आधी रडलीच नाही. सगळं उरकून माणसं आपापल्या घरी गेल्यावर ती माजघरात आली आणि सुभद्राच्या मांडीवर कोसळली. "आये गो, आये," म्हणून ती रडत होती. दहा वर्षं सुभद्राला जे हवं होतं ते मांडीवर होतं. पोर तिच्या कुशीत होती आणि तिथे रडत होती दुसऱ्या आईसाठी. सुभद्राने तिचे केस मागे सारले. किती दाट झाले होते ते! तिने तिला मन भरून रडू दिलं.

रजा संपली. तेरावं झाल्यावर निघताना तिने विचारलं, "येतंस माझ्यावांगडा?"

"गुरांची सोय करतंय. मगे येतंय." नमूने मान वर केली नाही.

सुभद्रा फोंड्याला गेली. खोली सारवली, दुसरी खाट मागून आणली, ती खिडकीकडे लावली, मग वारा लागेल म्हणून भिंतीकडे. रोज दुपारच्या गाडीला ती थांब्यावर जाई. आठव्या दिवशी एका वाडीतलं अडलेलं बाळंतपण आलं. ती गेली, आणि परतली तेव्हा ऊन कलंडलं होतं, पाय चिखलाने माखले होते, गाडी केव्हाच येऊन गेली होती.

पडवीत नमूची ट्रंक होती. आत चूल पेटलेली होती. नमू पाटावर गुडघ्यांभोवती हात घालून बसली होती.

"किती वेळ झालो येवन?"

"दुपारी इलंय. कोण नव्हता." नमूने पेजेचं भांडं पुढे सरकवलं. "थंड झाली आसात."

सुभद्रा पाय न धुताच दारात बसली आणि भांडं तिने हातात घेतलं.

"काय झाला थंय?" नमूने विचारलं.

"चेडू," सुभद्रा म्हणाली. "आवशीक आणि चेडवाक, दोघांक बरा आसा."