चाळीस फोटोंचं एक आभाळ

लांबची कुठलीही वस्तू दिसली की मिस्त्री एक डोळा मिटायचे, हात सरळ पुढे ताणायचे आणि आवळलेली मूठ त्या वस्तूवर धरायचे. मग निकाल द्यायचे, "दीड मूठ." कुपवाडच्या आमच्या वर्कशॉपसमोरची पाण्याची टाकी दीड मूठ होती, शेजारच्या कारखान्याची चिमणी तीन मुठी. ताणलेल्या हाताची मूठ म्हणजे आभाळाचे दहा अंश, हे त्यांनी मला पहिल्याच आठवड्यात समजावून सांगितलं. मी तिथे नवा स्टोअरकीपर होतो. मला वाटलं, माणूस भला आहे, पण थोडा सरकलेला दिसतो. तुम्हालाही तसंच वाटलं असतं.

ते टर्नर होते. तीस वर्षं लेथवर लोखंड कातत उभे. "मापात हाय" हा त्यांचा सर्वांत मोठा शेरा. मटण चांगलं झालं तरी मापात, कुणाच्या मुलीला चांगलं घर मिळालं तरी मापात. नव्या कामगारांना दम द्यायचे, "एक सूत जादा ठिवलंस तर त्यो माल न्हवं गड्या, भंगार!"

अमावस्या आली की मिस्त्री सुट्टी टाकून मोटरसायकलवर जतकडे जायचे. पाठीला पिशवी, पिशवीत काहीतरी जड. मालक एकदा मला बाजूला घेऊन म्हणाले, "आवं, ह्यो लिंबू-बिंबू तर उतरवत न्हाई न्हवं कुणाचं?" खरं तर पिशवीत कॅमेरा होता, आणि भंगारातल्या पट्ट्यांपासून त्यांनी स्वतः बनवलेलं एक यंत्र. दोन पट्ट्या, एक बिजागरी, एक बारीक आट्यांचा स्क्रू आणि एक लहानशी मोटर. "धरती फिरतीया, मग कॅमेऱ्यानंबी फिराय नगं व्हय? न्हाईतर चांदनीची रेघ हुती," ते म्हणाले. त्या यंत्रावर कॅमेरा चढवून ते आभाळाचा एकेक तुकडा टिपत. असे चोवीस तुकडे जोडून आकाशगंगेचा उन्हाळ्यात दिसणारा सगळा पट्टा एका फोटोत आणायचा होता.

"एकदम अख्खा फोटो का घेत नाही?" मी विचारलं.

"लांबनं अख्खी भित घेतली तर भितीवरची मुंगी दिसंल का भाऊ?"

एकदा हट्टाने मी त्यांच्याबरोबर जतला गेलो. दिव्यांपासून लांब, माळावर, मेंढ्यांच्या वाड्याजवळ त्यांनी कॅमेऱ्याची तिवई रोवली. एकेक फोटो चार मिनिटांचा, तेवढा वेळ जवळ कुणी हलायचं नाही. कुत्री भुंकली, तसा वाड्यावरचा म्हातारा घोंगडं सावरत आला आणि बराच वेळ बघत राहिला. "जमिनीची मोजनी ठावं हाय," तो शेवटी म्हणाला, "आभाळाची कवापासनं लागली?" मिस्त्रींनी त्याला बसवून घेतलं, मूठ धरायला शिकवली. पहाटेपर्यंत म्हातारा आभाळातल्या विंचवाच्या नांगीला मुठी लावत होता.

परतताना चहाला थांबलो, तेव्हा त्यांनी कारण सांगितलं. त्यांच्या बायकोला, म्हणजे भाभींना, जन्मापासून रातांधळेपण. दिवस मावळला की हात धरून न्यावं लागायचं. "तिनं एक चांदनी बघितली न्हाई अजून. चांद दिसतुय, पन ईदचा न्हाई, पुनवेचाच," ते म्हणाले. आता दिवसाची नजरही आकसत चालली होती. मिरजेच्या डॉक्टरांनी सांगितलं होतं, पुढच्या वर्षाचं काही बोलता येत नाही. म्हणून हे आभाळ तिला दिवसाढवळ्या, उन्हात दाखवायचं होतं. त्या दिवसापासून मी मिस्त्रींना सरकलेला म्हटलं नाही.

तीन अमावस्या खर्ची घालून चोवीस तुकडे पूर्ण झाले. सगळे भाग तयार झाल्याशिवाय जोडणीला हात लावायचा नाही, ही वर्कशॉपची शिस्त त्यांनी आभाळालाही लावली होती. रविवारी आम्ही ऑफिसच्या कॉम्प्युटरवर फोटो चढवले. ते काही केल्या जुळेनात. संध्याकाळपर्यंत मी बटणं दाबत बसलो आणि मिस्त्री माझ्यामागे उभे होते, लेथवर उभे राहतात तसे.

शेवटी फोटोंचे कागद छापून आम्ही त्यांच्या घरी घेऊन गेलो आणि दुसऱ्या दिवशी दुपारी अंगणातल्या उन्हात मांडले. भाभी ब्लाऊज शिवायच्या. मशीन सोडून त्या आल्या, दोन कागद उचलले, अगदी नाकाशी धरले, कडेला कड लावून बघितली.

"आवं, शिवनीला कापडच सोडलं न्हाई तुमी," त्या म्हणाल्या. "काठाला काठ लावून कुटं जोड बसतुय व्हय?"

मिस्त्रींनी दोन्ही कागद हातात घेतले, कडा तपासल्या. यंत्रावर कॅमेरा ज्या चकतीवर फिरायचा तिच्यावर त्यांनी बरोबर वीस-वीस अंशांवर खाचा पाडल्या होत्या, कारण कॅमेऱ्यात वीसच अंश मावत होते. एका फोटोतली एकही चांदणी दुसऱ्यात येऊ दिली नव्हती. दोन्हीकडे सारख्या असलेल्या चांदण्या सापडल्या तरच जोड बसतो, आणि ह्यांनी त्याच तेवढ्या ठेवल्या नव्हत्या! दुसरा कुणी असता तर हात हलून, ढिलेपणाने का होईना, थोड्या आल्या असत्या.

"लोखंडात जादा ठिवलं तर शिव्या बसत्यात गं," ते हळूच म्हणाले. तोवर वळवाचे ढग आले होते. विंचू आणि त्याच्याजवळचा तो पट्टा पुन्हा पहाटेला वर यायला माघ-फाल्गुन उजाडणार होता.

ते मधले महिने मला अजून आठवतात. मिस्त्री काम करायचे, पण मुठी लावणं बंद झालं. भाभींना सुईत दोरा ओवता येईना. मिस्त्री ओवून देऊन कामाला येत. दिवाळीनंतर त्यांनी नवी चकती बनवली, वीसच्या जागी चौदा अंशांवर खाचा. फोटो झाले चाळीस. ते करताना त्यांचा जीव खालीवर होत होता, सारखं म्हणायचे, "लय जादा जातंय भाऊ, लय जादा."

फाल्गुनात दोन रात्रींत चाळीस फोटो झाले आणि कॉम्प्युटरने ते तासाभरात जोडले. मी मोठमोठ्याने हाका मारत शॉपमध्ये पळालो. मिस्त्रींनी लेथ बंद केला आणि हात पुसत पुसत ते रडले.

चार हात लांबीचा फोटो छापून अंगणात उभा केला. भाभींना तेव्हा पैशाएवढ्या भोकातून बघितल्यासारखं दिसायचं. त्या समोर बसल्या आणि एका टोकापासून सुरुवात केली. वितभर झालं की मान पुढे. जेवायलाही उठल्या नाहीत. ऊन कलल्यावर त्यांनी मागे वळून विचारलं, "इतक्या आसत्यात व्हय? मग तुमी लोकं रातीचं झोपता तरी कसं?"

एवढी सरळ शाबासकी कुठल्या कारागिराला मिळाली असेल, असं मला वाटत नाही.

पुढे मी नोकरी सोडून साताऱ्याला आलो. गेल्या मार्गशीर्षात सांगलीला काम निघालं, म्हणून दिवस मावळताना त्यांच्या घरी गेलो. भाभी एकट्याच ओट्यावर बसल्या होत्या. आवाजावरून त्यांनी मला ओळखलं. नजर पूर्ण गेली होती.

"मिस्त्री?"

"जतला गेल्यात. हिवाळ्यातलं आभाळ ऱ्हायलंय न्हवं."

माझ्या तोंडून निघून गेलं, "आता कशासाठी?" विचारलं आणि जीभ चावली.

भाभींना राग आला नाही. "मीच धाडलं," त्या म्हणाल्या. "ते जायाचं न्हाईच म्हनत हुते. म्हनलं, माझं डोळं गेलं म्हनून आभाळ अर्धं ठिवायचं का? आनल्यावर मला समदं सांगायचं, एकेक तुकडा. जोडाला ज्या चांदन्या दोनीकडं येत्यात, त्याबी दोनदा सांगायच्या."

रस्त्यावरून कारखान्यातली माणसं गाड्यांवरून घरी चालली होती.

"अंधार पडला का भाऊ?" त्यांनी विचारलं.

"पडला."

"मग पयला फोटू आत्ता सुरू झाला आसंल," भाभी म्हणाल्या आणि हात मांडीवर ठेवून बसल्या. फोटो पूर्ण होईपर्यंत मीही हललो नाही.