दत्ताच्या गाडीतला प्लग

देवीपुढे हात जोडून मी दुसऱ्याचं वाईट मागितलं होतं, हे सांगायला आजही जीभ रेटत नाही. दत्ता माझा चुलतभाऊ. नांद्याकडची जमीन विकून त्यानं नवीकोरी पिकअप घेतली. अगदी माझ्या गाडीसारखीच, फक्त माझी नऊ वर्षं घासलेली. आमच्या गावची देवी दसऱ्याला ताम्हिणी घाटाच्या अंगाला असलेल्या आपल्या बहिणीच्या भेटीला जाते आणि तोवर नऊ वर्षं तिचा मुखवटा माझ्याच गाडीतून गेला. गावात माझी ओळख काय ती तेवढीच. त्या वर्षी बैठकीत ठरलं, पुढच्या वर्षापासून देवी दत्ताच्या गाडीतून जाईल, नवी गाडी शोभून दिसेल. दत्ता मान खाली घालून गप्प बसला होता. मला त्याचं ते गप्प बसणंही खुपलं. घरी जाताना देवळात शिरलो आणि म्हणालो, आई, त्याची गाडी सगळ्या गावादेखत घाटात बंद पडू दे.

खंडेनवमीला आम्ही गाड्या धुऊन पुजतो. दत्ताच्या गाडीशेजारी माझी फिकी दिसू नये म्हणून मी सीट उचललं आणि खालचं इंजिनच धुवायला घेतलं. नुकताच हिंजवडीला भाजी टाकून आलो होतो, इंजिन तापलेलं होतं, त्यावर प्रेशरनं गार पाणी मारलं. इतकी वर्षं गाडी चालवणाऱ्याला हे कळू नये? कळत होतं, पण जळफळाटापुढे कळून उपयोग नव्हता. मग पाने, जॅक, डबीतला जादा स्पार्क प्लग, सगळं पाटावर मांडून हळदकुंकू वाहिलं. पूजेत मांडलेली हत्यारं देवी भेटून परत येईपर्यंत उचलायची नाहीत, ही आमची रीत.

दसऱ्याला निघतानाच गाडी किंचित मिसिंग करत होती, मधेच एखादा ठोका चुकत होता. मी दुर्लक्ष केलं. माझ्या शेजारी गुरवमामा मुखवटा मांडीवर घेऊन बसले होते, मागून दत्ताच्या गाडीत बायका आणि ओटीचं सामान होतं, त्यामागे मोटारसायकलींवर बाकीचं गाव. ताम्हिणीचा चढ लागला तशी गाडी हिसके देऊ लागली, गॅसवरून पेट्रोलवर घेऊनही फरक पडेना आणि अर्ध्या चढावर ती जागेवरच थरथरत उभी राहिली. भेट दिवस मावळायच्या आत व्हायला हवी, नाहीतर देवीला तशीच माघारी आणायची. असं आमच्या गावात कधी झालेलं नव्हतं. आता ते माझ्या गाडीमुळे होणार होतं.

दत्ता आला. त्यानं इंजिन चालू ठेवून कॉइलच्या वायरी एकेक करून काढल्या आणि लावल्या. तिसरी काढल्यावर आवाजात काहीच बदल झाला नाही, म्हणजे तिसरा प्लगच मेलेला. माझे पाने घरी पाटावर, म्हणून त्याच्या नव्या गाडीबरोबर आलेल्या, पूजेत न मांडता सीटखालीच राहिलेल्या पान्यानं प्लग काढला. वरचा पांढरा भाग उभा तडकला होता. माझ्याच पाण्यानं. जादा प्लगही घरी, हळदकुंकू लावून. गुरवमामा म्हणाले, देवी दत्ताच्या गाडीत घेऊ या. सगळ्यांनी माना डोलावल्या. मला वाटलं, घे, आज तुझाच दिवस आहे.

दत्तानं मान हलवली. "न्हाई मामा. पुढलं वर्स माझं. ह्ये वर्स त्याचं हाय."

तो आपल्या गाडीकडे गेला, सीट उचललं आणि स्वतःच्या इंजिनातला प्लग काढून आणून माझ्या इंजिनात बसवला. गाडी एका सुरात चालू लागली. एक प्लग काढलेली त्याची गाडी घाट कुठली चढणार? बायका ओटीचं सामान घेऊन माझ्या हौद्यात बसल्या आणि तो तिथंच थांबला.

ऊन उतरता उतरता दोघी बहिणींची भेट झाली. ओट्या भरल्या. मी मात्र मान वर करून देवीकडे पाहू शकलो नाही. दत्ताची गाडी सगळ्या गावादेखत घाटात बंद पडली होती. मी मागितलं होतं तसंच.

परतताना तो रस्त्याकडेच्या दगडावर बसलेला दिसला. मी उतरलो. त्याच्या गाडीला दोर बांधता बांधता बोलून टाकलं, "दत्ता, तुझी गाडी बंद पडावी म्हणून मी देवीला साकडं घातलं व्हतं."

त्यानं दोराची गाठ ओढून पाहिली. मग म्हणाला, "मग पडली की. ऐकलं तिनं." आणि हसला. मला रडू आलं.

देवी आपलं ऐकते याचा मला इतका धाक कधी वाटला नव्हता, आणि तिनं इतकं सांभाळून घेतल्याचं सुखही. त्या दिवसापासून तिच्याकडे काही मागायचं सोडलं. काय द्यायचं ते तिला कळतं, मी नुसते हात जोडतो. गेल्या दसऱ्याला देवी दत्ताच्या गाडीत होती आणि मागून बायकांना घेऊन मी होतो. पूजेत सगळी हत्यारं मांडली होती, फक्त जादा प्लग मांडले नाहीत. ते माझ्या वरच्या खिशात होते. दोन. एक माझ्या गाडीसाठी, एक दत्ताच्या.