लाकडाचं वांगं

किस्से आमच्या घरात प्लास्टिकच्या पिशव्यांसारखे साठतात. एक पिशवी दुसरीत कोंबायची, दुसरी तिसरीत, आणि सगळा गठ्ठा दारामागच्या खिळ्याला! एक ओढायला जावं तर चार खाली पडतात. आता पडल्याच आहेत तर ऐका. मी सातवी पास, त्यातली सातवी मास्तरांनी ढकलून पास केलेली. तेव्हा शुद्धलेखनाचं नाव काढू नका.

*

मुलुंडला एका छोट्या वर्कशॉपमध्ये मी अठ्ठावीस वर्षं लेथ चालवली. एकदा जेवणाच्या सुट्टीत सागाचा तुकडा सापडला. बसल्या बसल्या लेथवर वांगं फिरवलं! जांभळा ऑइलपेंट मारला, वर खऱ्या वांग्याचं देठ गोंदाने चिकटवलं आणि शालनच्या भाजीच्या पिशवीत सोडून दिलं.

शालन म्हणजे आमची मंडळी. त्या दिवशी भरली वांगी करायची होती. चौथ्या वांग्याला सुरी अडकली. मी बाहेर पेपरच्या मागे हसून मरतोय. आतून आवाज नाही, ओरडणं नाही. म्हटलं, हिला कळलंच नाही का?

जेवायला बसलो. ताटात मसाल्यात लडबडलेलं, वर कोथिंबीर भुरभुरलेलं, ऐटीत बसलेलं लाकडाचं वांगं!

"खा," शालन म्हणाली. "तुमच्या हातचं आहे!"

तेव्हापासून ते वांगं शोकेसमध्ये आहे, मुलीच्या शाळेतल्या कपाच्या शेजारी.

*

समोरच्या नाईक वहिनींनी गावाहून हापूसची पेटी मागवली. रोज मला विचारायच्या, "भाऊ, पिकले असतील का हो?"

मी म्हटलं, "वहिनी, पिकल्यावर आंबा गुणगुणतो. कान लावून बघा."

"काय पण सांगता!"

पण बाईमाणूस, लावलाच कान! तोवर मी माझा मोबाईल व्हायब्रेटवर टाकून पेटीतल्या गवतात खुपसला होता. शालनच्या फोनवरून रिंग दिली. वहिनी तीन फूट मागे उडाल्या. मग दारात जाऊन ओरडल्या, "अहो, लवकर या, पिकले! अख्खी पेटी पिकली!"

दोन दिवस माझ्याशी बोलल्या नाहीत. तिसऱ्या दिवशी सहा आंबे पाठवले, त्यातले चार आंबट. शालन म्हणाली, "बरोबर केलं त्यांनी."

*

हे झाले जुने किस्से. आता यावर्षीचे. ते सांगायला जरा जड जातात, पण किस्से किस्सेच.

आमची वैशाली घाटकोपरला असते. तिला मुलगी झाली, ओवी. वैशालीची रजा संपत आलीय. ठरलं असं की सकाळी ऑफिसला जाताना ओवीला आमच्याकडे सोडायचं, संध्याकाळी न्यायचं. शालन तर आत्तापासून दिवस मोजतेय. पायाला तेल कुठलं, अंघोळीला डाळीचं पीठ कुठलं, दुपारचं गाणं कुठलं, सगळं ठरलेलं. बाई सत्तरीला आली, पण ओवीचं नाव काढलं की चाल बदलते.

आणि नेमकं तेव्हाच एक दिवस शोकेसमधलं वांगं भाजीच्या टोपलीत आलं. शालनने ते धुतलं, पुसलं आणि विळीवर धरलं. एकदा दाबलं, दोनदा दाबलं. मग नुसती त्याच्याकडे बघत बसली.

"अहो, हे..."

मी ते तिच्या हातातून काढून घेतलं. तोंड माझं, ते आपलं चालतंच. "फसलीस ना! मीच ठेवलं!"

ती हसली. एवढी सुटल्यासारखी हसली की मी घाबरलो.

*

पुढच्या रविवारी वैशाली आणि जावई जेवायला. अख्खा मसूर. आमच्या साताऱ्याकडच्या काळ्या मसाल्यातला, शालनच्या हातचा. नाईक वहिनींकडे एक वाटी जायचीच.

पहिला घास घेतला आणि जावयाचे डोळे वर गेले. मिठाचा समुद्र! दोनदा नाही, तीनदा पडलं असावं. बिचारा भिडस्त. गिळला आणि पाणी प्याला.

वैशालीने घास खाली ठेवला. "आई, तू दमतेस का गं? खरं सांग."

शालनचं तोंड एवढंसं झालं. मी टाळी वाजवली. "मीच टाकलं! ही पोळ्या लाटत होती, मी मागून मूठभर टाकलं. जावईबापूंची परीक्षा!"

"बाबा!" वैशाली कडाडली. "अन्नाशी कसली मस्करी? वय काय तुमचं!"

तेवढ्यात समोरचं दार उघडलं. नाईक वहिनी वाटी घेऊन आल्या. "भाऊ, आंबट आंब्यांचा राग अजून गेला नाय वाटतं तुमचा?"

सगळे माझ्यावर तुटून पडले. छान वाटलं.  कुकर धुताना शालन म्हणाली, "तुम्ही स्वयंपाकघरात आला कधी हो? दोन तास तर टीव्हीसमोरून हलला नाहीत."

मी टीव्हीचा आवाज वाढवला.

*

मग आली वाकळ. ओवीसाठी. शहरातले गोधडी म्हणतात. शालनच्या मऊ झालेल्या साड्या, माझी एक लुंगी, वैशालीचा शाळेचा फ्रॉक, सगळं आत. आमच्या आईची रीत अशी की वाकळ बंद करताना शेवटच्या कोपऱ्यात भाकरीचा कुटका शिवायचा. वाकळ उपाशी राहू नये म्हणून! एक कुटका, एकाच कोपऱ्यात, तोही चांगला कडक वाळवलेला.

शालनने चारही कोपऱ्यांत शिवला. प्रत्येक वेळी तिला वाटलं, राहिलाच की! आणि तीन ओले.

तिसऱ्या दिवशी मुंग्यांची रांग. खिडकीतून पलंगावर, पलंगावरून वाकळीत. पंढरी, म्हणजे आमच्या नाईक वहिनींचे मिस्टर, बघून म्हणाले, "भाऊ, ह्यांची काय पंगत?"

मी लगेच, "मीच शिवले! मुंग्यांना जेवण!"

नाईक वहिनींनी टाका बघितला. बारीक, एकसारखा, तांदळाच्या दाण्याएवढा. मग माझ्याकडे बघितलं. "भाऊ, तुम्हाला सुईत दोरा ओवायला मी लागते."

मग त्यांनी आमच्या सोफ्यावर बसून तीन कोपरे उसवले आणि परत शिवले. शालन शेजारी बसून दोरा कापून देत होती. दोघी ओवीच्या जावळाबद्दल बोलत होत्या. नाईक वहिनींना एवढं हळू बोलताना मी पहिल्यांदा ऐकलं.

*

दुधाचा किस्सा मला सांगायचा नव्हता. पातेलं गॅसवर, खाली आच, आत दूध नाही. पिशवी फ्रिजमध्ये तशीच. पातेलं लाल होईपर्यंत आम्ही दोघं गॅलरीत मेथी निवडतोय! वैशाली अचानक आली म्हणून वाचलो.

"मीच ठेवलं," मी म्हटलं. "आईचं नाक चालतं का बघत होतो."

या वेळी कोणी हसलं नाही. वैशाली खुर्चीवर बसली. "बाबा, घर पेटलं असतं. ओवी इथे असती तर? तुम्ही हे बंद करणार नसाल तर मी पाळणाघर बघते. पुढच्या रविवारी येते, तेव्हा काय ते सांगा."

ती गेल्यावर म्हटलं, शालनला डॉक्टरकडे न्यावं. पण तिला काय सांगून नेणार? मी रोज मस्करी करतो म्हणून? आठवडाभर मी तिच्या मागे मागे फिरलो. गॅस बघ, नळ बघ, मिठाचा डबा लपव. ती म्हणायची, "काय हो, शेपटीसारखे!"

*

तो रविवार उजाडला आणि माझी कवळी गायब!

सकाळपासून शोधतोय. पेल्यात नाही, बेसिनवर नाही, उशीखाली नाही. मला वाटलं, झालं! शालनने भांड्यांबरोबर कुठे तरी ठेवली. आता वैशालीसमोर निघणार. मनातल्या मनात वाक्य तयार केलं, "मीच लपवली." दात नसताना ते कसं ऐकू येईल याची पण प्रॅक्टिस केली.

वैशाली ओवीला घेऊन आली. ओवी माझ्या बोळक्या तोंडाकडे बघून जी खिदळायला लागली! तिचंही तसंच तोंड. जोडी जमली.

"आई, शिरा करू या," वैशाली म्हणाली. तिने हात उंच केला, सगळ्यात वरच्या फळीवरून रव्याचा डबा काढला आणि झाकण उघडलं.

"ई!!!"

रव्यात अर्धी पुरलेली, माझी कवळी! वरचे-खालचे सगळे दात दाखवत हसतेय!

वैशाली आईकडे बघायला लागली. मी तोंड उघडलं. "मी..." एवढंच निघालं, बाकीची नुसती हवा.

"मी ठेवली!" शालन म्हणाली.



"पंचेचाळीस वर्षं हा माणूस मला फसवतोय," ती पदर तोंडाला लावून हसत होती. "म्हटलं, एकदा आपण पण! सकाळपासून बघतेय, पलंगाखाली काय वाकतात, मोरीत काय शोधतात!"

वैशालीला हसू आवरेना. डोळ्यांतून पाणी, डबा हातात, कवळी डब्यात. "आई, तू पण! बाबांनी बिघडवलं तुला!" मग डोळे पुसून म्हणाली, "ठीक आहे. सोमवारपासून आणते हिला. पण दोघांनी कान पकडा आधी!"

आम्ही पकडले. शिरा मस्त झाला, दुसऱ्या रव्याचा.

वैशाली खाली रिक्षा बघायला गेली. शालनने कवळी धुऊन माझ्या हातात दिली. मग रव्याचा डबा पुसला, झाकण घट्ट लावलं आणि मला दिला.

"एवढा त्या वरच्या फळीवर ठेवा ना," ती म्हणाली. "माझा हात पोचत नाही."