गुणाजीची वाढवलेली पाच वर्षं

घाटकोपरच्या चाळीत गुणाजी परबला सगळे ‘खुर्चीवाला’ म्हणत, पण त्याचा त्याला राग येत नसे. राग यायचा तो कुणी मागून खुर्ची ढकलायला आलं की. चोविसाव्या वर्षी गिरणीत कापडाचा गठ्ठा पाठीवर पडला आणि कमरेखालचं अंग गेलं ते गेलंच. तेव्हापासून आठ वर्षं तो रोज सकाळी हातांनी चाकं रेटत आग्रा रोडने विक्रोळीपर्यंत जाऊन येई.

छप्पन साली अपंगांच्या एका संस्थेने चाकांच्या खुर्च्यांची शर्यत भरवली. तिथल्या डॉक्टर नलिनीबाई हातात घड्याळ घेऊन उभ्या होत्या. त्या म्हणाल्या, “पायांनी पळणाऱ्याचं विशीत ठीक. खुर्चीवाल्याचे खांदे तयार व्हायलाच वर्षं जातात. तुमचा खरा भर आत्ता आलाय.”

बत्तिसाव्या वर्षी भर! गुणाजीने हे थोरल्या भावाला, मार्तंडला, तीनदा ऐकवलं. या शर्यतीतून निवडलेला एकच जण विलायतेत अपंगांच्या सामन्यांना जाणार होता, आणि वेळेत गुणाजीच्या आसपास कुणी फिरकत नव्हतं.

अट एवढीच होती की वय पस्तिशीच्या आत हवं. गुणाजीच्या दाखल्यावर सदतीस होतं.

त्यात नवल काही नव्हतं. बाप गेल्यावर मार्तंडने तेरा वर्षांच्या गुणाजीला गावाहून आणलं. पोराला गिरणीत मोठ्या माणसाची पाळी आणि पगार मिळावा म्हणून गावच्या मास्तरांकडून अठरा वर्षांचा दाखला लिहून घेतला. तेव्हा कोकणातून येणारी निम्मी पोरं अशीच एका रात्रीत मोठी व्हायची. गावात जन्माची दुसरी नोंद नव्हती, आणि मास्तर कधीच वारले होते.

मार्तंड संस्थेत गेला, हात जोडून सगळं खरं सांगून आला. टेबलामागच्या गृहस्थांनी चष्मा काढून विचारलं, “तेव्हा खोटं बोललात, की आता बोलताय?” मेल्याचा प्रश्न चोख होता, म्हणूनच जास्त लागला. नलिनीबाई भांडल्या, पण कागदापुढे त्यांचंही काही चाललं नाही.

सव्वीस वर्षांच्या नंदकिशोरची निवड झाली. पोरगा भला होता. सरावाला सोबत हवी म्हणून त्यानेच गुणाजीला मैदानावर बोलावलं. गुणाजी गेला, त्याने जीव तोडून चाकं रेटली, आणि नंदकिशोर अर्ध्या वाटेवर असताना तो पलीकडच्या रेघेवर पोचला. बाईंनी वेळ पाहिली. इतकी चांगली वेळ त्याने आजवर दिली नव्हती. बाईंनी ती वहीत लिहिली नाही, घड्याळ पदरात धरून त्या तोंड फिरवून उभ्या राहिल्या.

मार्तंड धावत आला आणि खुर्चीपाशी मातीत बसला. “तुजी पाच वर्सां मियाच खाल्लंय रे, गुण्या.”

सगळं घर त्या पाच वर्षांवर जगलं होतं, हे गुणाजीला ठाऊक होतं. भावाच्या पांढऱ्या डोक्यावर हात ठेवून ‘जाऊ दे’ म्हणावं असं त्याच्या फार मनात होतं. हात त्याने ठेवला. शब्द काही केल्या निघाला नाही.