मैना तरे, बी. ए., राहनाळ

तुमचं लग्न कुणी लावलं? भटजींनीच ना? मग आमच्याकडची रीत तुम्हाला आधी सांगावी लागेल. आम्हा आगरी लोकांत लग्न बाई लावते. तिला धवलारीण म्हणतात. हळदीपासून नवरी सासरी निघेपर्यंत एकेका विधीचं गाणं असतं, त्याला धवला म्हणायचं, आणि तो तिनं गायल्याशिवाय लग्न लागलं असं कुणी मानत नाही. पोथी नाही, पंचांग नाही, सगळं डोक्यात. हल्ली भटजी बोलावणारी घरं वाढलीत, पण तीही धवलारणीला आधी सांगून ठेवतात. भिवंडीजवळच्या आमच्या राहनाळची धवलारीण राहीबाई तरे. मैना तिची मुलगी, आणि ही हकीकत मैनाची.

मी तुळजा, त्यांची शेजारीण. भिवंडीत लूमवाल्यांसाठी घरोघर सुताच्या कांड्या भरून देणाऱ्या बायकांची युनियन चालवते. शाळेचं तोंड मी पाहिलेलं नाही. भजी बांधून आणलेल्या वर्तमानपत्राच्या तुकड्यांवर अक्षरं लावत लावत वाचायला शिकले. त्यामुळे पदवीवाल्यांचा मला धाक नाही. त्यांच्यातले बरेचसे माझ्या डोक्यात जातात, हेही लपवत नाही. मैना नाही गेली.

मैना मॅट्रिक झाली ते सत्तर साल, भिवंडीत दंगल झाली ते. कॉलेज भिवंडीतही होतं, पण रोज पोरीला शहरातून पाठवायचं कसं, म्हणून तिचा बाप केसरीनाथ हातपाय गाळून बसला होता. तिच्या शाळेच्या बाईंनी मुंबईतलं पाद्र्यांचं कॉलेज सुचवलं. फी माफ, आणि राहायला सिस्टरांचं हॉस्टेल. केसरीनाथानं मला विचारलं, "तुळजे, पाठवू काय गं?" मी म्हटलं, "पाठव. न्हाय पाठवलीस तर उद्यापासून तुझ्याशी बोलणार न्हाय." त्याला ही धमकी नव्हती, सुखच होतं, पण पाठवली.

पहिलं वर्ष पोरीला जड गेलं. दगडी इमारत, वर घंटेचा मनोरा, वर्गात सगळं इंग्रजी. हिच्या तोंडून 'न्हाय' निघालं की मागच्या बाकावरच्या मुली 'न्हाय, न्हाय' करून फिदीफिदी हसायच्या. मेसमध्ये पाव आणि फिकं कालवण. पहिल्या सुट्टीला आली ती दारातूनच म्हणाली, "आये, आधी सुकट दे, मग बोलू." तिकडे तिला एकच मैत्रीण भेटली. फिलू, वसईची, ख्रिस्ती, घरची बागायत. तिलाही मुंबईच्या मुली गावठी म्हणायच्या. दोघींनी मिळून डबाभर सुका जवळा, ती बारीक सुकी मासळी, हॉस्टेलात चोरून ठेवला होता. वासावरून पकडल्या गेल्या. सिस्टरनं शिक्षा म्हणून आठवडाभर भांडी घासायला लावली, आणि जवळ्याचं काय केलं ते मात्र सांगितलं नाही.

फिलूच मैनाला गायला घेऊन गेली. कॉलेजच्या चॅपलमध्ये, म्हणजे आतल्या छोट्या देवळात, मुलामुलींचा ताफा गायचा. मैनाचा आवाज आईसारखा, मांडवाच्या शेवटच्या टोकाला बसलेल्या म्हाताऱ्यालाही ऐकू जाणारा. शिकवणारे होते फादर बस्त्याव. त्यांनी तिला मागच्या रांगेत उभी केली आणि सांगितलं, "बाय, तू अर्ध्याच आवाजात गा, नाहीतर पुढचे सगळे उगाच उभे आहेत असं वाटेल." त्यानंतर 'न्हाय' म्हणून तिला कुणी चिडवलं नाही. वादविवाद स्पर्धेत उभी राहू लागली, लायब्ररीत पडीक असायची. कॉलेज तिच्या अंगवळणी पडलं.

आता गोष्टीचा गुंता. त्र्याहत्तर सालचा डिसेंबर, मैना शेवटच्या वर्षाला. आमच्या गावचा चिंधू मुंबईच्या तबेल्यांना पेंढा पुरवतो. एक तबेला कॉलेजच्या पाठीमागेच. नाताळच्या संध्याकाळी पेंढा उतरवून गाणं कुठून येतंय म्हणून हा डोकावला, तर आत आपली मैना, पांढरे कपडे, हातात मेणबत्ती, गाते आहे. चिंधू माणूस वाईट नाही, पण पोटात काही राहत नाही. ट्रक राहनाळला पोचायच्या आत बातमी वाटेवरच्या कशेळीपर्यंत पसरली होती. राहीबाईची पोर बाटली. पाद्र्यानं पाणी टाकून ख्रिस्ती केली.

मैना सुट्टीला घरी आली तेव्हा पंच ओट्यावर बसलेले होते. मध्ये दामू पाटील, गावचा मोठा, मिशीला पीळ आणि शब्दाला धार.

"खरं सांग पोरी, पाणी घेतलंस?"

"न्हाय, दामूकाका."

"मग माघी पुनवेला गावदेवीपुढं नारळावर हात ठेव आणि शपथ घे. प्रश्न मिटला."

प्रश्न खरंच तिथं मिटला असता. पण मैना म्हणाली, "शपथ न्हाय घेणार."

"का गं?"

"चोरी केली न्हाय म्हणून माणूस शपथ घेतं. ख्रिस्ती होणं म्हणजे काय चोरी हाय? माझी मैत्रीण ख्रिस्ती हाय. तिच्या ताटात जेवते मी. उद्या तिच्याकडं कोणच्या तोंडानं बघू? मी झाले न्हाय, हे सांगितलं. माझा शब्द पुरा न्हाय काय?"

दामू पाटलाला असं उत्तर ऐकायची सवय नव्हती. तो उठला आणि जाता जाता निकाल देऊन गेला. शपथ नाही, तर राहीबाई मांडवात नाही. गावातल्याच नाम्याच्या मुलाचं लग्न पौर्णिमेनंतर चार दिवसांवर होतं. त्याला कशेळीची धवलारीण सांगू. बाटलेल्या घरच्या बाईनं हळद लावलेली गावाला चालणार नाही.

केसरीनाथ भेदरला. त्यानं मैनाची पुस्तकं माळ्यावर टाकली आणि कॉलेज बंद म्हणून जाहीर केलं. परीक्षा तीन महिन्यांवर. बी. ए. होणारी राहनाळची ती पहिली मुलगी ठरली असती, आणि आता आईचा मांडवही गेला, मुलीची पदवीही. मला कळलं तसं माझं डोकं फिरलं. मी म्हटलं, "पत्रक छापते. दामू पाटलाचं नाव घालून भिवंडीच्या नाक्यानाक्यावर वाटते." मैनानं माझा हात धरला. "मावशी, तुम्ही पत्रक काढलंत तर दामूकाकाला माघारी फिरायला वाटच उरणार न्हाय." चोवीस तास मला राग येत राहिला, की हे मला का सुचलं नाही.

मार्ग राहीबाईनं काढला. ही बाई एरवी मोजकं बोलते. ती सरळ पाटलाच्या अंगणात जाऊन उभी राहिली.

"दामूदादा, जमिनीचा तंटा असला की तुम्ही बांधावर जाऊन बघता ना?"

"बघतो. न बघता कसा न्याय करायचा?"

"मग माझ्या पोरीचा न्याय घरात बसून कसा केलात? चला, जिथं गायली ती जागा बघू. पुढच्या रविवारी त्यांच्या कॉलेजात कायतरी कार्यक्रम हाय."

पाटलाला नाही म्हणता येईना. शिवाय मुंबई फुकटात बघायला मिळत होती. चिंधूला पंचांनी दंड म्हणून ट्रक काढायला लावला, बातमी त्यानंच आणली होती ना! असे आम्ही निघालो. पुढं केबिनमध्ये राहीबाई आणि मैना, मागं पेंढ्याच्या गंजीवर पाटील, चार पंच, केसरीनाथ आणि मी. कशेळीच्या पुलावर वारा असा सुटला की पंचांच्या टोप्या हातात आल्या. कॉलेजच्या फाटकात उतरलो तेव्हा प्रत्येकाच्या डोक्यात, मिशीत पेंढा. वॉचमन म्हणाला, "माल पीछे के गेट से." पाटील त्याला म्हणाला, "माल न्हाय, न्यायाधीश हाय."

आत पटांगणात मांडव घातला होता. त्या दिवशी कॉलेजात आदल्या वर्षी पदवी मिळवलेल्यांचा सत्कार. काळे झगे घातलेली मुलंमुली ओळीनं बसली होती, त्यांचे आईबाप मागं नटूनथटून. पाटलानं मला विचारलं, "येवढे सगळे वकील झाले काय?" भिवंडी कोर्टात जिंदगी गेलेला माणूस, काळा झगा म्हणजे वकील हे त्याच्या डोक्यात पक्कं. मैना म्हणाली, "न्हाय काका, पदवी मिळाली की घालतात." मग पाटील एकेक झगा निरखून बघायला लागला. केसरीनाथही बघत होता, पण त्याची नजर झग्यांवरून मैनावर आणि मैनावरून झग्यांवर जात होती.

फिलू धावत आली, राहीबाईच्या पाया पडली, आम्हा सगळ्यांना चहा आणि केक दिला. एका पंचानं केक हुंगून बाजूला ठेवला. दुसऱ्यानं स्वतःचा संपवून त्याचाही खाल्ला.

मग फादर बस्त्याव आले. पांढरा लांब झगा, पायात साध्या चपला, साठीचा काळासावळा माणूस. "या, या पाटील. बसा. पेंढ्यातून आलात काय? डोक्यावर अर्धा तबेला घेऊन आलात."

पाटील चपापला. "तुम्ही आमच्यासारखंच बोलता की!"

"मग काय फिरंग्यासारखं बोलू? उत्तनचा मी. बाप मासे मारायचा."

पाटलानं आडवळण घेतलं नाही. "पाद्रीबाबा, आमच्या पोरीवर पाणी टाकलं काय?"

"नाही. पाणी असं येताजाता टाकत नाहीत. आधी वर्षभर शिकवतात, दहादा विचारतात. तिनं मागितलं नाही, मी विचारलं नाही. तिनं माझ्याकडं एकच मागणं केलंय, लायब्ररी रविवारी उघडी ठेवा. तेवढं मला जमलेलं नाही."

पण पाटील हरला नव्हता. "तुमचा शब्द मानला. पण ही तुमच्या देवळात, तुमच्या देवाचं गाणं गायली. चिंधूनं डोळ्यांनी बघितलं. गाणं गायली म्हणजे तुमच्यातली झाली. मग पाणी टाका, नका टाकू."

चिंधू खाली बघत होता. मैना काही बोलणार, तोच राहीबाई उठली. पदर खोचला. मांडवात बोलते त्याच आवाजात बोलली, त्यामुळे पुढचं सगळं काळ्या झग्यांच्या तीन रांगांनी ऐकलं.

"दामूदादा, तुझ्या लग्नात धवला कोणी गायला?"

"तुझ्या आईनं."

"तुझ्या थोरल्या पोराच्या?"

"तू."

"धाकट्याच्या? या चिंध्याच्या? समोरच्या पंचांच्या पोरांच्या?"

"तूच गं बाई. गावातल्या निम्म्या लोकांची लग्नं तूच लावलीस."

"लग्नाचं गाणं मी गायले ना? मग निम्मा गाव माझा दादला झाला काय?"

पहिला हसला तो केक खाणारा पंच. त्याच्या नाकातून चहा आला. फादर बस्त्यावांनी चष्मा काढला आणि डोळे पुसायला लागले. केसरीनाथ, ज्याला हसायचं की रागवायचं ते ठरवायचं होतं, तो सगळ्यांत उशिरा आणि सगळ्यांत जास्त हसला. दामू पाटलानं आधी मिशीला पीळ दिला. मग म्हणाला, "वयनी, तुझ्या जिभेला काय हाड हाय का न्हाय?" आणि तोही फुटला.

हसू ओसरल्यावर फादर म्हणाले, "राहीबाय, आमच्या उत्तनलाही हळदीला बायका गातात. माझी आजी गायची. तुमचा एखादा धवला ऐकवा की."

राहीबाई सरळ नाही म्हणाली. "मांडव दिसतो हा, पण लग्नाचा न्हाय. नवरा न्हाय, नवरी न्हाय. मी तमाशाला गात न्हाय."

मला वाटलं, आता पाद्री रागावणार. त्यांनी मान हलवली. "बरोबर आहे. मीही ह्यांना चॅपलमधलं गाणं स्टेजवर गाऊ देत नाही."

दामू पाटलानं हे ऐकलं. निघायची वेळ झाली तेव्हा ट्रकपाशी उभा राहून, कुणाकडं न बघता बोलला, "वयनी, नाम्याकडं हळदीला लवकर ये. त्याच्या घरच्या बायका काय धड तयारी करत न्हाईत." शपथेचं नाव नाही, माफीचंही नाही. आमच्याकडं निकाल असाच फिरतो.

केसरीनाथ मैनाला म्हणाला, "चढ, उशीर होतो."

"बाबा, मी राहते ना आता इथं. परीक्षा हाय."

"पुस्तकं तर माळ्यावर हायत."

मैना पेंढ्याच्या गंजीवर चढली आणि दोन्ही हातांनी पेंढा उपसून पुस्तकांची पिशवी वर काढली. सगळा रस्ताभर पाटील त्या पिशवीवरच बसून आला होता. म्हणाला, "तरीच म्हटलं, काय टोचतंय!"

चौऱ्याहत्तर साली मैना दुसऱ्या वर्गात बी. ए. झाली. काळ्या झग्यातला फोटो केसरीनाथानं दाराच्या आत लावलाय, आणि येणाऱ्याजाणाऱ्याला पाटीलच सांगतो की ही वकील नाही बरं का. आज ती भिवंडीत शाळेत शिकवते. संध्याकाळी माझ्या कांडीवाल्या बायकांना सही करायला शिकवते, आणि सहीवर थांबत नाही, पुढं वाचायलाही लावते. लग्नसराईत आईच्या मागं बसून धवल्याची ओळ उचलते. सोमवारी शाळेत येते ती हळदीनं पिवळ्या झालेल्या बोटांनी, खडू धरला की खडूही पिवळा. तिचं स्वतःचं लग्न झालं तेव्हा फिलू वसईहून आली होती, आणि राहीबाईनं तिला मागं गायला बसवलं. फिलू ख्रिस्तीच राहिली. कुणी तिला हिंदू झालीस का म्हणून विचारलं नाही.

तुमच्या गावातली एखादी पोर असंच कुठं शिकायला गेली असेल, आणि ओट्यावर तिच्या नावानं कुजबुज सुरू झाली असेल. तर एवढं करा. तिला शपथ घालू नका. उठा, मिळेल ती गाडी पकडा, आणि ती शिकते तिथं जाऊन तिच्या मैत्रिणींच्या पंगतीला बसून जेवून या.